वाघाची जीभ आणि तांदळाचा सुगंध

मे महिन्याच्या दुपारी मध्य भारतातील पाणवठ्यात बसलेला वाघ तोंड उघडून जीभ बाहेर काढतो आणि भराभर श्वास घेऊ लागतो. तोच वाघ थंडीतल्या पहाटे एखाद्या झाडाच्या बुंध्याशी थबकतो, खोड हुंगतो, मान वर करतो, नाक आक्रसून सुळे उघडे टाकतो आणि पुन्हा जीभ बाहेर काढून काही क्षण निश्चल उभा राहतो. दोन्ही वेळा तोंड उघडे आणि जीभ बाहेर. कारणे मात्र अगदी निराळी. पहिली कृती शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी असते, दुसरी दुसऱ्या वाघाने ठेवलेला निरोप वाचण्यासाठी. हा निरोप कशाने लिहिलेला असतो, हे शोधण्याच्या कामात भारताचा वाटा मोठा आहे. त्याची सुरुवात भौतिकशास्त्र शिकलेल्या एका संशोधकाने केली, हे विशेष.

आधी धापेविषयी. मार्जारकुलातील प्राण्यांना माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत असतात. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता खर्च होते. जिभेवरील आणि श्वसनमार्गातील ओलाव्याची वाफ करून प्राणी याच हिशेबाचा लाभ घेतो. कुत्र्याच्या बाबतीत धाप ही नित्याची गोष्ट आहे. मांजर मात्र सावली शोधते, अंग चाटून ओले करते आणि धापेचा आधार अगदी शेवटी घेते. म्हणूनच पाळीव मांजर ऊन, धावपळ किंवा भीती यांपैकी काहीही नसताना धापा टाकू लागले, तर हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असू शकतो, हे ध्यानात घेऊन पशुवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये.

दुसऱ्या कृतीची कथा युरोपात सुरू होते. डॅनिश शल्यविशारद लुडविग जेकबसन यांनी १८१३ मध्ये सस्तन प्राण्यांच्या नाकाच्या तळाशी असलेल्या एका जोड-अवयवाचे वर्णन प्रसिद्ध केले. मार्जारकुलात वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूवर एक उंचवटा असतो आणि तेथून बारीक नलिका या अवयवाकडे जातात. श्वासाबरोबर सहज न उडणारे जड रेणूही या वाटेने आत पोहोचतात. लाइपझिग प्राणिसंग्रहालयाचे संचालक कार्ल मॅक्स श्नायडर यांनी १९३० मध्ये ओठ वर खेचून तोंड उघडे ठेवण्याच्या या कृतीला ‘फ्लेमेन’ हे नाव दिले. घरातील मांजर कोणाचा मोजा हुंगून तोंड अर्धवट उघडे ठेवते, तेव्हा आपण त्याला किळस आली असे समजून हसतो. प्रत्यक्षात ते त्या गंधाकडे अधिक बारकाईने लक्ष देत असते.

वाचण्याची रीत अशी कळली, तरी वाचायचा मजकूर कोणता, हा प्रश्न उरतोच. वाघ शेपूट उभारून झाडावर, झुडपावर मागच्या बाजूने द्रवाची फवारणी करतो. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात राहून वाघाचा अभ्यास केला, तेव्हा या फवारणीचीही नोंद घेतली. वाघ बहुतेक काळ एकटा वावरतो. शेजारी कोण आहे, नर की मादी, किती दिवसांपूर्वी येथून गेला, हे त्याला समोरासमोर न येता कळले, तर जीवघेणी झुंज टळते आणि जोडीदारही सापडतो. मात्र हा द्रव कोठून येतो आणि त्यात काय असते, याविषयी बराच काळ गोंधळ होता. काही निरीक्षक त्याचा उगम गुदग्रंथीत मानत. मूत्रात स्निग्ध पदार्थ असतात, हे लंडनच्या एका शोधनिबंधाने १९४८ मध्येच दाखवले होते. पण त्याचा या खुणेशी असलेला संबंध उलगडायचा होता.

रतनलाल ब्रह्मचारी यांचा जन्म १९३२ साली ढाक्यात झाला. कोलकात्यात त्यांनी सत्येंद्रनाथ बोस यांच्या मार्गदर्शनाखाली खगोलभौतिकीचा अभ्यास केला. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेत ते जीवशास्त्राकडे वळले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या या संस्थेत १९५७ साली जे. बी. एस. हॉल्डेनही दाखल झाले होते. महागड्या उपकरणांची वाट न पाहता डोळे उघडे ठेवून करता येण्यासारखे जीवशास्त्र भारतात विपुल आहे, असे हॉल्डेन आग्रहाने सांगत. संख्याशास्त्राच्या संस्थेत वाघाच्या गंधाचा अभ्यास व्हावा, ही गोष्ट त्या वातावरणात विचित्र वाटण्यासारखी नव्हती.

अडचण होती ती नमुन्याची. रानातील वाघामागे बाटली घेऊन फिरता येत नाही. त्यातच १९७२ च्या गणनेत देशभरात अवघे १,८२७ वाघ नोंदले गेले होते. १ एप्रिल १९७३ रोजी नऊ अभयारण्यांसह व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. ओडिशातील सिमिलीपाल त्यांपैकी एक, आणि सरोज राज चौधरी हे तेथील पहिले क्षेत्र संचालक. पायाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत रूढ करणारे हेच ते वनाधिकारी. १९७४ मध्ये खैरी नदीच्या काठी आदिवासींना वाघिणीचा एक बछडा सापडला आणि त्यांनी तो चौधरींकडे आणून दिला. नदीचेच नाव मिळालेली ही वाघीण जशीपूरच्या त्यांच्या निवासस्थानी मोकळी वाढली. पिंजऱ्याबाहेरची, माणसाला जवळ येऊ देणारी आणि तरीही आपल्या परिसरावर वाघिणीप्रमाणेच खुणा करणारी खैरी ब्रह्मचारींच्या अभ्यासासाठी अमोल ठरली. १९८१ मध्ये तिचा मृत्यू झाला. तिच्या आयुष्याची वर्षे थोडी होती, पण या प्रश्नाला त्या वर्षांनीच पाया दिला.

ब्रह्मचारी आणि त्यांचे सहकारी ज्योतिर्मय दत्त यांनी १९७९ मध्ये वाघाच्या द्रवातील फिनाइलइथाइलअमीन या रेणूवरील निबंध प्रसिद्ध केला. १९८१ मध्ये वाघाच्या फेरोमोनविषयीचे त्यांचे प्रयोग आणि सिद्धान्त ‘द अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये आले. वाघाने खूण केलेल्या जागी सुवासिक तांदूळ शिजत असल्यासारखा वास येतो, ही जंगलात वावरणाऱ्यांची जुनी जाण. तांदळाच्या त्या वासामागचा रेणू २-असिटिल-१-पायरोलीन आहे, हे १९८२ च्या सुमारास रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. बासमतीत तो असतो आणि आपल्या आंबेमोहरातही. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा एक दशांश भाग असला, तरी माणसाच्या नाकाला तो जाणवतो. हाच रेणू वाघाच्या द्रवात असल्याचे ब्रह्मचारी, मौसुमी पोद्दार-सरकार आणि दत्त यांनी १९९० मध्ये ‘नेचर’मधील एका छोट्या टिपणात मांडले. ही बातमी गाजली आणि आजही सांगितली जाते.

याच संशोधनातील दुसरा विचार मात्र तितका लोकप्रिय झाला नाही. सहज उडणाऱ्या रेणूंचा निरोप उन्हात काही तासांतच विरून जायला हवा. तो टिकतो कसा? ब्रह्मचारींचे उत्तर द्रवातील स्निग्ध पदार्थांत होते. गंधरेणू मेदात विरघळले की त्यांचा बाष्पदाब घटतो आणि ते हळूहळू बाहेर पडतात. कनौजचे अत्तर बनवणारे कारागीर फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ओला द्रव वाळून गेला, तरी मेदाचा पातळ थर खोडावर उरतो आणि गंध झिरपत राहतो. वाघ खोड हुंगतो, कधी चाटतो आणि मग जीभ बाहेर काढून उभा राहतो, तेव्हा न उडालेला जड अंशही टाळूवरच्या वाटेने जेकबसनच्या अवयवापर्यंत पोहोचू शकतो.

२००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बर्गर आणि सहकाऱ्यांनी नर बंगाल वाघाच्या द्रवाचे अधिक प्रगत उपकरणांनी पृथक्करण केले. त्यांना ९८ बाष्पशील संयुगे ओळखता आली. तांदळाचा रेणू मात्र त्यांत आढळला नाही. पूर्वी नोंदवलेली प्युट्रेसीन आणि कॅडाव्हरीन ही अमाइनेही मिळाली नाहीत. कोलकात्याच्या सर्वांत गाजलेल्या निष्कर्षावर अशा रीतीने प्रश्नचिन्ह उमटले. गंधाचे रसायन प्राण्यागणिक, आहारागणिक आणि नमुना किती ताजा आहे त्यानुसार बदलू शकते. त्यामुळे एका प्रयोगशाळेला न आढळलेली गोष्ट सर्वत्र नाहीच, असे लगेच म्हणता येत नाही. पण मोठी यादी हाती असताना जुन्या दाव्याची फेरतपासणी होणे हेही तितकेच योग्य होते. त्याच निबंधात स्निग्ध अंश गंधाला धरून ठेवून सावकाश सोडणाऱ्या वाहकाचे काम करत असावा, ही शक्यता मात्र पुन्हा मांडली गेली. गाजलेला रेणू वादात सापडला आणि कमी गाजलेल्या कल्पनेला दुसऱ्या खंडातून दुजोरा मिळाला.

ब्रह्मचारी २०१८ मध्ये गेले. वृत्तपत्रांतून त्यांची ओळख बासमतीच्या वासाशी जोडलेली राहिली, आणि ते स्वाभाविकही आहे. स्वयंपाकघरातला वास आणि रानातला वाघ यांना जोडणारी गोष्ट कोणालाही लक्षात राहते. विद्यार्थ्यांनी त्याबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाघाची भाषा समजून घेण्याचे हे काम एका वनाधिकाऱ्याच्या अंगणात, माणसाळलेल्या वाघिणीच्या सहवासात आणि बाष्पदाबाचा साधा विचार करता येणाऱ्या माणसाच्या चिकाटीवर उभे राहिले. आजही रानात वाघ खोडापाशी थांबून जीभ बाहेर काढतो, तेव्हा तो नेमके काय वाचतो, याचे उत्तर अपुरे आहे. रेणूंची यादी मिळाली आहे. त्यांतील कोणता रेणू वाघाला काय सांगतो, हे अजून कळायचे आहे.