आजीचा खपली गहू आणि तांबेऱ्याशी शंभर वर्षांची कुस्ती

आजच्या भागाची तयारी करताना मी साताऱ्याकडच्या आमच्या आजीला फोन केला. विचारलं, "आजी, आपल्याकडं खपलीचं बी हाय का गं अजून?" ती म्हणाली, "न्हाई रं बाबा, कवाच मोडलं. कोण कुटत बसणार?"

खरंय तिचं. खपली मळून साफ होत नाही, टरफल दाण्याला धरून बसतं. ते काढायला कुटावं लागतं, आणि उताराही कमी. पण खीर खायची तर खपलीचीच! तर आज गोष्ट ह्याच गव्हाची, आणि त्याच्या जुन्या वैऱ्याची. तांबेऱ्याची.

तांबेरा म्हणजे बुरशी. पानावर, खोडावर गंजासारखी पूड दिसते. हात लावला की बोटं तांबडी होतात. रोमन लोक ह्या रोगाला इतके घाबरायचे की रोबिगस नावाच्या देवाची दरवर्षी 25 एप्रिलला पूजा करून कुत्र्याचा बळी द्यायचे. म्हणजे हजारो वर्षं माणसाकडं देवाला साकडं घालण्यापलीकडं फारसं काही नव्हतं.

मग 1905 साल येतं. मेंडेलचे वाटाण्याचे नियम नुकतेच, म्हणजे 1900 मध्ये, पुन्हा उजेडात आले होते. केंब्रिजमध्ये रोलंड बिफेन यांनी पिवळा तांबेरा न पडणारा गहू आणि पडणारा गहू यांचा संकर केला. पहिली पिढी सगळी रोगट. पण दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक झाड निरोगी! रोगाला तोंड देण्याची ताकद आईबापाकडून हिशोबानं पुढं येते, हे कळलं. आता वाटलं, चला, जिंकलो.

कसलं काय! 1916 ला अमेरिकेत काळ्या तांबेऱ्यानं गव्हाचं प्रचंड नुकसान केलं. मिनेसोटात एल्विन स्टॅकमन यांनी दाखवलं की हा तांबेरा एकच नाही, त्याच्या अनेक जाती आहेत. दिसायला सारख्या, पण एक जात ह्या गव्हावर पडते तर दुसरी त्या. मग ओळखायच्या कशा? त्यांनी 12 गहू निवडले. कुठल्या गव्हावर रोग पडतो आणि कुठल्यावर नाही, ह्यावरून जात ठरवायची. 1922 च्या त्यांच्या कामात 37 जाती निघाल्या.

आणि मंडळी, त्या 12 गव्हांमध्ये एकाचं नाव होतं 'खपली'. भारतातून तिकडं गेलेला, आपल्याच नावानं. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच!

पण तांबेरा एका गव्हावर पडतो आणि दुसऱ्यावर नाही, असं का? उत्तर मिळालं जवसाच्या शेतात. 1940 च्या दशकात नॉर्थ डकोटात हॅरॉल्ड फ्लोर जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होते. पिकातलं जनुक म्हणजे राखणदार समजा. तो एकाच चोराचा चेहरा ओळखतो. चोर दिसला की झाड तिथल्या आपल्याच पेशी मारून टाकतं. तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागते, म्हणून तो उपाशी मरतो. पण बुरशीनं चेहरा बदलला, की राखणदार समोर असूनही चोर आत.

हेच 1998 मध्ये युगांडात घडलं. राय ह्या धान्यातून गव्हात आणलेलं एसआर 31 हे जनुक जगभरच्या वाणांत भरलं होतं. सगळ्या दारांवर एकच राखणदार! नव्या जातीनं त्यालाच चकवलं. तिचं नाव यूजी 99. 2005 मध्ये नॉर्मन बोरलॉग यांनी, वय नव्वदीच्या पुढं असताना, जगाला धोक्याची घंटा दिली.

मग शोध सुरू झाला, अजून कोण टिकतंय? टिकणाऱ्यांत एसआर 13 होतं. हे जनुक खपलीत आहे. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी फार पूर्वीच खपलीचा संकर करून 'खपस्टाइन' नावाचा गहू बनवला होता, आणि त्यातून ते साध्या गव्हात आलं होतं. सोपं काम नव्हतं. खपलीत गुणसूत्रं 28, आपल्या चपातीच्या गव्हात 42. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी एसआर 13 नेमकं वेगळं करून दाखवलं.

म्हणजे खपली अजिंक्य का? नाही. एसआर 13 ला चकवणाऱ्या जातीही इथिओपियात सापडल्या आहेत. म्हणून आता पैदासकार एका वाणात तीन-चार जनुकं एकत्र बसवतात. एकाला चकवलं तरी दुसरा जागा असतो. आपल्या महाबळेश्वरलाही गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे. थंड, दमट हवेत तिथं गव्हाच्या वाणांवर मुद्दाम तांबेरा सोडून बघतात, कोण तगतंय.

ही कुस्ती संपणारी नाही. नवा राखणदार लागतच राहणार, आणि तो येणार जुन्या बियाण्यातूनच. खपलीचं जनुक हाती लागलं, कारण ते बी कुणीतरी शंभर वर्षं जपलं. जी बियाणी कणगीतून गेली आणि कुणीच ठेवली नाहीत, त्यांच्यात काय होतं हे आता कुणाला विचारायचं?

आजीला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या मावशीकडं आसंल पायलीभर. इचारून बघ."

विचारलंय. तुमच्या घरी कुठलं जुनं बी आहे, ते आज एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात!