हुंडणावळ आणि पोच

मोताळ्यात मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरची चहाची टपरी घ्या, पंक्चर काढणाऱ्याची खोली घ्या, नाहीतर बाजारात गोणपाटावर मेथी-सांभार मांडून बसलेली बाई घ्या. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद सगळीकडे दिसतो. कुठे काचेला चिकटवलेला, कुठे तराजूला बांधलेला, कुठे पावसाच्या भीतीने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. लोक त्याला ‘स्कॅनर’ म्हणतात. चहा पिऊन झाला की गिऱ्हाईक ‘सुट्टे आहेत का’ विचारत नाही, ‘स्कॅनर कुठंय’ विचारतं. त्याच्या खात्यातून निघालेले १० रुपये टपरीवाल्याच्या खात्यात दहाच्या दहा पोचतात.

हे ‘दहाच्या दहा’ मला फार मोलाचं वाटतं. दूरच्या माणसाला पैसा पोचवायचा म्हटलं की दोन प्रश्न कायम उभे राहिले. वाटेत किती कापले जाणार? आणि पोचले हे कळणार कसं? पहिल्याला आपल्याकडे हुंडणावळ म्हणत, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे पोच. या दोन गोष्टींचा माग काढत गेलं की स्कॅनरचं कूळ नीट सापडतं, आणि ते बुलढाणा जिल्ह्यातूनच सुरू करता येतं.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, अकोला करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून खास फाटा टाकला गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला होता. कापूस मुंबईकडे जायचा आणि त्याचा पैसा उलट वाटेने यायला हवा होता. चांदीचे रुपये पोत्यात भरून आणणं जिवावरचं काम. त्यावर पेढ्यांकडे तोड होती ती हुंडीची.

समजा, खामगावच्या कापूस व्यापाऱ्याला शेतकऱ्यांना द्यायला रोकड हवी आहे आणि त्याचे पैसे मुंबईच्या पेढीवर आहेत. त्याच वेळी गावातल्या कापडवाल्याला मुंबईला पैसे धाडायचे आहेत. कापूसवाला मुंबईच्या पेढीवर हुंडी लिहून देतो, कापडवाला ती रोख देऊन विकत घेतो आणि मुंबईच्या आपल्या घेणेकऱ्याकडे पाठवतो. चांदी जागची हलत नाही, दोघांचंही काम होतं. हंगामात खामगावात रोकडीची तंगी असली की हुंडीचा भाव एकीकडे झुके, पावसाळ्यात दुसरीकडे. त्या चढउतारातून निघायची ती हुंडणावळ.

या कागदाच्या व्यवहारात फसवणुकीचा विचार किती बारकाईने केला होता! दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या सावकाराच्याच हाती पडत, म्हणून वाटेत चोरीला गेली तरी चोराला तिचा उपयोग नसे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत ‘पेठ’, तीही हरवली तर तिसरी ‘परपेठ’. जबाबी हुंडी नावाचा एक प्रकार होता. त्यात पैसे मिळालेल्याने मिळाल्याचा जबाब लिहून द्यायचा आणि तो पाठवणाऱ्यापर्यंत परत यायचा. पोच हा व्यवहाराचाच भाग आहे, हे त्या पेढीवाल्यांना पुरतं ठाऊक होतं.

पण हुंडीला पत लागे. कापूस पिकवणारा, राजूर घाटाखालच्या एखाद्या गावातला कुणबी या व्यवस्थेत कुठेच नव्हता. त्याला पहिलं दार उघडलं टपाल खात्याने. १ जानेवारी १८८० रोजी मनीऑर्डर सुरू झाली. पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेला मुलगा घरी पैसे पाठवू लागला, आणि पोस्टमन ते दारात मोजून देऊ लागला. फॉर्मच्या तळाचा तुकडा हीच पोच: आईची सही किंवा अंगठा घेऊन तो मुलाकडे परत जायचा. इतकी जिव्हाळ्याची पोच त्यानंतर झाली नाही. मात्र हुंडणावळ जबर होती. अखेरच्या काळात १०० रुपयांमागे ५ रुपये. महिनाभर राबून ५०० रुपये पाठवणाऱ्याचे २५ रुपये पाठवण्यातच जात. २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद झाली.

मधल्या काळात शहरांत कार्ड आलं. त्याचा इतिहास लांबलचक आहे, पण मोताळ्यापुरतं सांगण्यासारखं थोडंच. कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराचं यंत्र गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे ओढून घेतं. ओढायचं म्हणजे यंत्र विश्वासाचं हवं, ते जोडलेलं हवं, त्याचं भाडं भरायला हवं. वर दोन बँका आणि कार्ड कंपनी यांचा वाटा दुकानदाराच्या रकमेतून कापला जाई. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये डेबिट कार्डासाठी या कपातीवर मर्यादा घातली: २००० रुपयांपर्यंत पाऊण टक्का, त्यावर एक टक्का. साखर आणि तेलावर ज्याला शेकड्यामागे एक-दोन रुपये सुटतात, त्या किराणावाल्याने त्यातला हिस्सा का द्यावा? त्याने दिला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. यंत्रं पेट्रोल पंपावर आणि सराफाच्या काउंटरवर राहिली.

इथे देशाने एक निर्णय घेतला. माझ्या मते स्कॅनरच्या कुळातला तो मूळपुरुष. पैशांच्या देवघेवीच्या यंत्रणांविषयीच्या २००७ च्या कायद्याच्या आधारे रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांनी २००८ मध्ये ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही संस्था मुंबईत उभी केली. दहा बँका तिच्या प्रवर्तक होत्या, पण नोंदणी मुद्दाम ना-नफा कंपनी म्हणून केली. बँकाबँकांमधला रस्ता कुणा एका धंदेवाल्याच्या मालकीचा नसावा, ही त्यामागची दृष्टी. ए. पी. होता हे तिचे पहिले प्रमुख. २२ नोव्हेंबर २०१० रोजी या संस्थेची ‘आयएमपीएस’ सेवा सुरू झाली. रात्री-बेरात्री, रविवारीसुद्धा पैसे तत्काळ एका बँकेतून दुसरीत जाऊ लागले. पाठवणाऱ्याला मात्र समोरच्याचा मोबाइल नंबर आणि वर सात आकडी कोड, नाहीतर खाते क्रमांक आणि शाखेचा कोड लागे. त्यावर बँका पाच रुपयांपासून पुढे शुल्क घेत. चहासाठी हे कोण करणार?

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते स्कॅनरमागच्या ‘यूपीआय’ या सेवेचं अनावरण झालं. तेव्हा कॉर्पोरेशनचं कामकाज पाहणारे दिलीप आसबे पुढे तिचे प्रमुख झाले. यूपीआय धावतं आयएमपीएसच्याच रुळांवर. बदलली ती दिशा. यंत्राने ओढण्याऐवजी गिऱ्हाइकाने आपल्या फोनवरून, आपला पिन टाकून पैसे ढकलायचे. गिऱ्हाइकाची ओळख त्याच्या फोनमधल्या सिमशी बांधलेली. बँकेला परवानगी देणारं यंत्र गिऱ्हाइकाच्याच खिशात आलं, आणि दुकानदाराकडे एकच काम उरलं: आपला पत्ता सांगणं. पत्ता सांगायला वीज लागत नाही, रेंज लागत नाही, भाडं लागत नाही. तो कागदावर छापता येतो. कार्डाच्या यंत्राची जागा एका कागदाने घेतली ती यामुळे.

आणि कागद छापण्याची विद्या आली जपानच्या मोटार कारखान्यांतून. डेन्सो ही टोयोटाला सुटे भाग पुरवणारी कंपनी. खोक्यांवरच्या साध्या बारकोडात जेमतेम वीस अक्षरं मावत, म्हणून एकाच खोक्यावर अनेक बारकोड लागत आणि कामगार ते वाचून वाचून थकत. मासाहिरो हारा या अभियंत्याने १९९४ मध्ये आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना माहिती भरणारा चौकोन तयार केला. पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडायच्या ‘गो’ या खेळावरून त्याला ही कल्पना सुचली. तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन यंत्राला ‘मी इथे आहे’ असं सांगतात. त्यांच्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ असं आहे. हारांच्या चमूने जाहिराती, मासिकं, खोकी धुंडाळून छापील मजकुरात सर्वांत कमी आढळणारं प्रमाण शोधलं होतं. कारखान्यात तेलाचे हात लागणार, म्हणून चौकोनाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येईल अशी सोय केली. भजीवाल्याच्या तेलकट, हळदीच्या बोटांनी डागाळलेला कागद आज चालतो तो त्या सोयीमुळे. डेन्सोने पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे न मागण्याचं ठरवलं. छोट्या दुकानदाराच्या कामी आलेला हा दुसरा उदार निर्णय.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. सहाच दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, जिल्हा मध्यवर्ती बँकांना त्या नोटा स्वीकारायला मनाई झाली. शेतकऱ्याचं खातं बहुधा याच बँकांत. कापूस-सोयाबीनचा हंगाम ऐन भरात. त्या दिवसांचा त्रास मी सोयीसाठी विसरायला तयार नाही. लोक डिजिटल झाले ते आवडीने नव्हे, नोटाच हाती नव्हत्या म्हणून. त्या डिसेंबरात ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून गाजलं, पण तिथला भर कार्डाच्या यंत्रांवर होता. त्याच महिन्यात देशभरात यूपीआयचे व्यवहार झाले जेमतेम वीस लाख. ३० डिसेंबरला यूपीआयवर चालणारं भीम अ‍ॅप आलं. नोटा बाजारात परतल्यावर यूपीआय ओसरायला हवं होतं, ते वाढतच गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. नोटबंदीने ओळख करून दिली. लोक टिकले ते स्वस्त इंटरनेटमुळे, जनधनच्या खात्यांमुळे आणि मुख्यतः काही कापलं जात नव्हतं म्हणून.

‘काही कापायचं नाही’ हा १ जानेवारी २०२० पासून कायदाच आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून कपात करता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने आणखी एक मोलाचं काम केलं: कंपन्यांचे वेगवेगळे, एकमेकांना न जुमानणारे कोड बंद करून कुठल्याही अ‍ॅपने कुठलाही कोड वाचता यावा असा आदेश काढला. एकेका काउंटरवर चार-चार स्टिकर होते, तिथे एकाने काम भागू लागलं.

हुंडणावळ अशी शून्यावर आली. तिचा खर्च शून्य झालेला नाही. सर्व्हर, सुरक्षा, तक्रारी यांना पैसे लागतात. ते बँका सोसतात आणि काही भाग सरकार भरतं. २०२४-२५ साठी सरकारने १५०० कोटी रुपये ठेवले, छोट्या दुकानदाराच्या २००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारामागे ०.१५ टक्का. मार्च २०२५ मध्ये या धंद्यातल्या कंपन्यांच्या संघटनेने मोठ्या दुकानांवर ०.३ टक्का आकार लावा अशी मागणी केली. जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने असा आकार लागणार असल्याच्या बातम्या फेटाळल्या. मॉलवाल्यांकडून काही घ्यायचं तर घ्या, मला त्यात अन्याय दिसत नाही. टपरीवरची शून्याची रेघ मात्र हलता कामा नये.

कारण पोचेच्या निमित्ताने भाडं परत आलंच आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक फोनचा पडदा दाखवायचं आणि दुकानदार मान डोलवायचा. मग जुने स्क्रीनशॉट आणि खोटी अ‍ॅप दाखवून पैसे न देताच निघून जाणारे निघाले. बँकेचा मेसेज गर्दीच्या वेळी उशिरा येई, आणि हात पिठात असताना फोन कोण बघणार? त्यातून आला बोलणारा डबा. आत सिम, बाहेर स्पीकर; पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगतो, मराठीतसुद्धा. जबाबी हुंडीचा जबाब आता दोन सेकंदांत येतो आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातो. वाचता न येणाऱ्या भाजीवालीसाठी याहून चांगली पोच नाही. पण या डब्याला बहुतेक ठिकाणी दरमहा भाडं आहे, आणि कित्येक दुकानदारांना ते खात्यातून कापलं गेल्यावरच समजतं. बहुतेक कंपन्यांच्या दुकानदारांसाठीच्या अ‍ॅपमध्ये अशीच आवाजी सूचना फोनवर फुकट मिळते. ज्याचा धंदा दिवसाला तीस-चाळीस व्यवहारांचा आहे, त्याला ती पुरते. डबा द्यायला आलेल्या पोऱ्याने ही गोष्ट आधी सांगायला हवी.

दुसरी किंमत नोंदीची. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमा रकमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि तिथल्या दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. जीएसटी नोंदणीसाठी मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांची आणि सेवेला २० लाखांची मर्यादा आहे, आणि ताजी भाजी किंवा सुटं दूध करातून मुक्तच आहे. हे गावोगाव, बँकेच्या शाखेत, मराठीत सांगायला हवं. नाहीतर कागद काढून टाकणारा दुकानदार चुकला असं म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

आणि ज्यांच्या हाती बटणांचाच फोन आहे? त्यांच्यासाठी २०१२ पासून ‘*९९#’ डायल करून पैसे पाठवायची सोय होती, जिच्यावर दूरसंचार नियामक ट्रायने २०१६ मध्ये व्यवहारामागे जास्तीत जास्त ५० पैसे अशी मर्यादा घातली. मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ आलं. फोन लावायचा, आवाजाच्या सूचनांप्रमाणे बटणं दाबायची. इंटरनेट लागत नाही. २०२४ मध्ये त्याची मर्यादा ५ हजारांवरून १० हजार रुपये झाली. नळगंगेच्या काठच्या गावांत अशा फोनवाली माणसं अजून खूप आहेत, आणि ही सोय त्यांच्यापैकी फार थोड्यांना कुणी दाखवली आहे.