फकिरा शरण का येतो?

अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ अभ्यासक्रमात वाचणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटच्या प्रकरणांशी एक प्रश्न हमखास अडवतो. ज्याला इंग्रज सरकारची शिबंदी पकडू शकली नाही, तो नायक अखेरीस स्वतःच्या पायांनी चालत जाऊन शरण कसा येतो? गाईडमधले उत्तर ठरलेले आहे: त्यागी वृत्ती. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. खरे उत्तर फकिराच्या स्वभावापेक्षा चावडीवरच्या एका वहीत अधिक सापडते.

ती वही म्हणजे हजेरीची वही.

आधी लेखकाविषयी थोडे. तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. शाळा जेमतेम दीड दिवसाची. कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला आले. पुढे गिरणीकाम, कम्युनिस्ट चळवळ, आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह उभारलेले लाल बावटा कलापथक. या साऱ्या धावपळीत त्यांचा मुक्काम दीर्घकाळ घाटकोपरच्या चिरागनगरातील एका झोपडीत होता. मराठी साहित्याची केंद्रे म्हणून पुण्यातल्या पेठा आणि गिरगाव-दादर यांचीच नावे घेतली जातात. घाटकोपरच्या झोपडपट्टीचे नाव त्या यादीत क्वचितच येते. वारणाकाठच्या या लेखकाने आपला गाव कागदावर उभा केला तो उपनगरात राहून.

‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे, आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिरा हा कल्पनेतला नव्हे. वाटेगावात खरोखर होऊन गेलेला, अण्णाभाऊंच्या नात्यातला माणूस. त्याच्या कथा ऐकतच लेखकाचे बालपण गेले.

कादंबरीची सुरुवात मात्र फकिरापासून होत नाही. ती त्याच्या बापापासून, राणोजीपासून होते. शेजारच्या शिगावात जोगणीची जत्रा भरते आणि वाटेगावात भरत नाही, हे गावाचे शल्य. जोगणी पळवून आपल्या शिवेत आणली, तर जत्रेचा मान आपला होतो, असा संकेत. राणोजी ती आणतो. पण संकेत मोडून बापू खोत त्याचा घात करतो. राणोजीचा देह पडतो, जोगणी मात्र वाटेगावची होते.

या प्रसंगावर घाईने पुढे जाऊ नये. गावाची प्रतिष्ठा ज्याच्या मनगटावर उभी राहिली, तो माणूस गावकुसाबाहेरचा आहे. त्याच्या मरणाने गावाला जत्रा मिळते. त्याच्या वस्तीला गावात जागा मिळत नाही. अण्णाभाऊ यावर भाष्य करत बसत नाहीत. शंकरराव पाटील, विष्णुपंत कुळकर्णी यांच्यासारखी मांगवाड्याच्या पाठीशी उभी राहणारी उच्चवर्णीय पात्रे ते आपुलकीने रंगवतात, आणि म्हणूनच हा अंतर्विरोध अधिक टोचतो. माणसे चांगली असूनही वेस तशीच राहते.

मग दुष्काळ येतो आणि पोरे भुकेने मरू लागतात. फकिरा आणि त्याचे साथीदार आधी धान्य लुटतात, नंतर सरकारी खजिना. इथपर्यंत कथा जगातल्या अनेक लोककथांसारखी चालते, त्यामुळे परीक्षेच्या वहीत फकिरा ‘मराठी रॉबिन हूड’ होऊन बसतो. ही तुलना सोयीची आहे आणि तिथेच ती फसवी ठरते. रॉबिन हूड कायद्याबाहेर जातो तेव्हा एकटा जातो. शेरवुडच्या जंगलात त्याला लपायला जागा असते. फकिराची संपूर्ण जमात तो जन्मण्याआधीच संशयाच्या वहीत लिहिली गेलेली आहे.

आता त्या वहीचा इतिहास. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. तो मांडताना झालेला युक्तिवाद आज वाचला तरी थक्क व्हायला होते: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच. जातिव्यवस्थेचा असा कायदेशीर उपयोग क्वचितच कुणी केला असेल. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई व मद्रास इलाख्यांसह देशभर वाढली. जमात एकदा ‘अधिसूचित’ झाली की तिच्यातील माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. काही जमातींना तर काटेरी तारांच्या आतल्या वसाहतींत ठेवले गेले. सोलापुरात त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

गावपातळीवर या यंत्रणेचे रूप साधे होते: चावडी, पाटील आणि वही. संध्याकाळी हजर राहा, नाव पुकारले की ओ द्या. आजारी असा, मयताला जायचे असो, परगावी मजुरी मिळत असो. नाव पुकारले तेव्हा नसलात तर गुन्हेगार. इथे गुन्हा करण्याची गरजच उरत नाही, गैरहजेरी हाच गुन्हा. कादंबरीत मांगवाड्यावर हजेरी लादली जाते, तेव्हा दुष्काळाहून वेगळी अशी एक कोंडी सुरू होते. दुष्काळ कधीतरी सरतो. वही सरत नाही.

शरणागतीचा प्रसंग या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावा. फकिरा हाती लागत नाही म्हणून सरकार त्याच्या माणसांना धरते. बायका, म्हातारे, पोरे ओलीस होतात. सरकारच्या दृष्टीने यात विसंगती काहीच नाही. कायद्याने गुन्हेगार ठरवली आहे ती व्यक्ती नव्हे, जमात. मग एकाचा दंड दुसऱ्याकडून वसूल करणे हे त्या कायद्याचेच पुढचे पाऊल. फकिराचे शौर्य या ठिकाणी निरुपयोगी ठरते. तलवार एका शिपायाशी लढू शकते, नोंदवहीशी नाही. तो शरण जातो, कारण त्याच्या लोकांना वहीतून सोडवण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापुढे ठेवलेलाच नाही.

आणि शरण जाताना तो तलवार साहेबाच्या हाती देतो. ती आपल्या पूर्वजांना शिवाजी महाराजांनी दिलेली आहे, असे तो सांगतो. हे केवळ अभिमानाचे वाक्य मानू नये. एका बाजूला सरकारी कागद म्हणतो की ही जमात वंशपरंपरेने चोर. दुसऱ्या बाजूला फकिरा त्याच वंशपरंपरेचा दुसरा पुरावा पुढे करतो. गड राखणाऱ्यांचे वंशज चोर कधी झाले, हा प्रश्न साहेबाच्या हातात तलवारीसह पडतो.

स्वतंत्र भारतात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. पण ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली त्याच १९५९ सालात मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा अधिनियम केला. त्याचा आधार जन्म नव्हे तर वैयक्तिक शिक्षा, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. तरीही नोंदवही, राहत्या जागेची खबर, हालचालींवरचे निर्बंध ही जुनी हत्यारे त्यात कायम राहिली. कादंबरी तेव्हा इतिहासाची आठवण वाटली असेल. प्रत्यक्षात तिचा विषय त्याच वर्षी विधिमंडळातून नव्या क्रमांकाने बाहेर पडत होता.

‘फकिरा’सोबत अण्णाभाऊंची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचली, तर उपनगरही या चित्रात येते. तिचा नायक भीमाही वारणाकाठचाच. पोट भरायला तो मुंबईला येतो आणि उपनगरात जंगलाजवळच्या एका दगडाच्या खाणीत कामाला लागतो. अंगात हत्तीचे बळ, आणि खाण बंद पडल्यावर त्या बळाला गिऱ्हाईक नाही. स्मशानाच्या राखेत त्याला सोने सापडते, मग तो रात्री प्रेते धुंडाळू लागतो. फकिरा जिवंतांच्या खजिन्यातून भाकरी आणतो, भीमा मेलेल्यांच्या तोंडातून.

फकिराच्या मागे मांगवाडा होता; ओलीस धरता येईल इतकी मोठी आपली माणसे होती. उपनगरात भीमाला धरायला कुणी येत नाही, त्याची हजेरीही कुणी घेत नाही. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कापून टाकावी लागतात. त्याच दिवशी खबर येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे, आणि हातोडा धरायला बोटे न उरलेला तो धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडू लागतो.