खाद्यविकरे, मांसल कोंबड्यांची
ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली जाणारी, बहुधा बुरशी वा जीवाणूंपासून मिळवलेली विकरे (एंझाइमे). गहू व बार्लीतील अरॅबिनोझायलन आणि बीटा-ग्लुकन ही कर्बोदके कोंबडीला पचत नाहीत. आतड्यात ती पाण्याबरोबर चिकट होतात, अन्न रेंगाळते आणि न पचलेल्या अंशावर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्ससारखे जीवाणू पोसतात. विष्ठा चिकट पडते, शेडमध्ये अंथरलेले तूस ओले राहते, तळपायांना जखमा होतात. झायलनेज व बीटा-ग्लुकनेज हा चिकटपणा मोडतात.

महाराष्ट्रात खाद्य मुख्यतः मका व सोयापेंडीचे. त्यामुळे हा त्रास सौम्य. येथे खरे मोल फायटेज या विकराचे. वनस्पतिज खाद्यातील सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो. फायटेज तो मोकळा करते. परिणामी डायकॅल्शियम फॉस्फेट कमी लागते आणि विष्ठेवाटे जमिनीत जाणारा फॉस्फरसही घटतो.

यूरोपीय संघाने २००६ पासून वाढवर्धक प्रतिजैविकांवर बंदी घातल्यावर आतडे निरोगी राखण्यासाठी विकरांकडे अधिक लक्ष गेले. तरी विकर म्हणजे औषध नव्हे. आतड्याचा रोग जडल्यावर ते देऊन भागत नाही. गोळीखाद्य बनवताना सुमारे ८०–९० अंश सेल्सिअस वाफेत साधी विकरे निकामी होतात, म्हणून उष्णतारोधक प्रकार वापरतात किंवा तयार गोळ्यांवर द्रवरूप विकर फवारतात.