फ्लॅट-पॅक फर्निचर

फ्लॅट-पॅक फर्निचर म्हणजे कारखान्यात सुट्या भागांच्या रूपात तयार केलेले, चपट्या खोक्यातून पाठवले जाणारे आणि ग्राहकाने घरी जोडून घ्यावयाचे सामान होय. कपाट, पुस्तकांची मांडणी, अभ्यासाचे टेबल, दूरचित्रवाणी संचाचे स्टँड व पलंग हे त्याचे नेहमीचे प्रकार आहेत. वाहतूक व साठवणुकीचा खर्च कमी होणे हा त्याचा मुख्य गुण, तर स्वस्त प्रकारांचे अल्पायुष्य ही त्याविषयीची मुख्य तक्रार आहे. मात्र हा दोष सुटे भाग जोडण्याच्या कल्पनेचा नाही. तो बहुतांशी फळीचा, जोडाचा आणि ओलाव्याचा आहे.

इतिहास

ऑस्ट्रियातील थोनेट कारखान्याने १८५९ मध्ये बाजारात आणलेली ‘क्रमांक १४’ ही खुर्ची या कल्पनेचे जुने व यशस्वी उदाहरण मानली जाते. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू व दोन नट एवढ्यावर ती उभी राहत असे आणि एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्यांचे भाग मावत. या खुर्च्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, कारण लाकूड अस्सल होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाचा चुरा व रेझिन दाबून बनवलेला पार्टिकल बोर्ड स्वस्तात मिळू लागला. स्वीडनच्या आयकिया कंपनीने १९५६ पासून सुट्या भागांची विक्री वाढवली. या कंपनीचे भारतातील पहिले दालन ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबाद येथे, तर महाराष्ट्रातील पहिले डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईतील तुर्भे येथे उघडले. ऑनलाइन विक्रीमुळे मात्र दालन नसलेल्या शहरांतही असे सामान थेट घरपोच येऊ लागले.

रचना आणि कमकुवत जागा

स्वस्त कपाटाची फळी बहुधा १५ ते १८ मिलिमीटर जाडीच्या पार्टिकल बोर्डाची असते. तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या रेषा छापलेला कागद चिकटवलेला असतो. जाहिरातीतील ‘सागवान फिनिश’ किंवा ‘वॉलनट फिनिश’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की छपाई त्या लाकडासारखी आहे. ‘इंजिनिअर्ड वूड’ हा शब्द तर प्लायवूड, एमडीएफ व पार्टिकल बोर्ड या तिन्हींसाठी वापरला जातो. या तिघांच्या टिकाऊपणात मोठे अंतर असल्याने खरेदीदाराची फसगत बहुधा येथेच होते.

भाग जोडण्यासाठी लाकडी खुंट्या, फिरवून घट्ट करावयाचे कॅम लॉक आणि षट्कोनी चावीने आवळावयाचे स्क्रू असतात. पार्टिकल बोर्डात लाकडाचे लांब तंतू नसल्यामुळे स्क्रूची पकड मर्यादित राहते. स्क्रू एकदा काढून त्याच छिद्रात पुन्हा बसवला की भुसा झडतो आणि जोड सैल होतो. त्यामुळे सुटे करून नेण्यासाठीच घडवलेले हे कपाट घर बदलताना सुटे केले, की पूर्वीइतके घट्ट बसत नाही. सागाच्या टेबलाचा ढिला सांधा सुतार पाचर ठोकून व सरस लावून दुरुस्त करतो. भुगा झालेल्या बोर्डाच्या कडेला मात्र त्याचा फारसा इलाज चालत नाही.

पाठीमागची पातळ फळी अनेकांना केवळ झाकण वाटते. वास्तविक चौकट तिरकी होऊ न देणे हे तिचे काम असते. ती न ठोकता उभे केलेले कपाट काही महिन्यांत एका बाजूला कलते.

मांडणीची फळी वाकण्यामागे साधे गणित आहे. सर्वत्र सारखे वजन असल्यास फळीची लांबी दुप्पट केली, तर मधला झोल सोळा पटींनी वाढतो. जाडी निम्मी केली, तर आठ पटींनी. शब्दकोश व दिवाळी अंकांचे गठ्ठे लांब फळीवर ठेवणाऱ्या घरांत हे लवकर लक्षात येते.

नागपूरचे हवामान

विदर्भाच्या हवामानात या फळीची कसोटी लागते. नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व हवा अत्यंत कोरडी असते. त्यानंतरच्या पावसाळ्यात १,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शिवाय प्रताप नगरसारख्या निवासी वसाहतींत उन्हाळ्यात घरोघरी पाण्याचे कूलर चालतात. कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या कपाटाला बाहेर कोरडे ऊन असतानाही दमट हवा लागत राहते. फरशी पुसताना पायाशी मुरणारे पाणी वेगळेच. ओलाव्याने फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळल्यावर पूर्ववत होत नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. उघड्या राहिलेल्या कडा प्रथम फुगतात, मग कडेची पट्टी सुटते आणि बिजागरीचे स्क्रू निखळतात.

अपेक्षाभंगाला स्थानिक संदर्भही आहे. चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांतील सागवान विख्यात असून अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान पाठवले गेले. आजोबांच्या काळातले सागवानी कपाट नातवाने वापरावे, ही ज्या प्रदेशातील रीत, तेथे दोन पावसाळ्यांत फुगणारी फळी सहजी पचनी पडत नाही. अर्थात सागाची किंमत आज सामान्य पगारदाराच्या आवाक्यात राहिलेली नाही, हेही तितकेच खरे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला वा बदलीच्या नोकरदाराला स्वस्त टेबल हाच व्यवहार्य पर्याय असतो.

सुरक्षितता

उंच व अरुंद कपाट भिंतीला न आवळल्यास मुलांच्या अंगावर पडू शकते. अशा मृत्यूंनंतर २०१६ मध्ये अमेरिकेत आयकियाने सुमारे २.९ कोटी खणांची कपाटे परत मागवली. बोर्डातील युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनमधून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. नव्या सामानाच्या उग्र वासामागे अनेकदा हा वायूही असतो. त्यामुळे असे सामान आल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवणे हिताचे असते.

मानके आणि ग्राहकाचे हक्क

भारतीय मानकांपैकी आयएस ३०८७ हे पार्टिकल बोर्डासाठी, आयएस १२८२३ हे पृष्ठभागावर आवरण असलेल्या पार्टिकल बोर्डासाठी, तर आयएस १२४०६ हे एमडीएफसाठी आहे. खरेदीपूर्वी बोर्डाचा प्रकार, जाडी व मानकाचा उल्लेख लेखी मागता येतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूबद्दलची तक्रार ग्राहक स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. त्यामुळे विक्रेता परराज्यातील असला, तरी नागपूरच्या ग्राहकाला तेथे जावे लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस आयोगाचे शुल्क नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे व महिन्याभरात तक्रार निकाली काढणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खोके उघडतानाची छायाचित्रे, देयक व जोडणीची पत्रिका जपून ठेवल्यास सदोष भाग आणि चुकीची जोडणी यांतील वाद सोडवणे सोपे जाते.