अपघातानंतर ‘बरं वाटतंय’, तरी यकृताला धोका का असतो?

४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तो पालघरमध्ये चारोटीजवळ, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर. वेगातल्या अशा धडकेत किंवा तारापूर एमआयडीसीत उंचावरून पडल्यावर पोटाला मार बसून यकृत फाटू शकतं. बाहेर जखम दिसेलच असं नाही. सीटी स्कॅनमधून ते कळतं.

रक्तदाब स्थिर असेल तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. पण घरी सोडल्यावरही काही आठवडे धोका असतो: पुन्हा रक्तस्राव, पित्ताची गळती, यकृतात पू होणं.

पोट किंवा उजवा खांदा दुखणं, ताप, कावीळ, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा चक्कर? लगेच रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. डॉक्टर सांगेपर्यंत जड काम नको.