करवीरांतील चहा : औषध कीं पंक्तिव्यवहार ?

चहा हें पेय आज करवीरांत घरोघर झालें असल्यामुळें त्याचा इतिहास शोधण्याजोगा आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु ज्या पेयाच्या एका घोटापायीं शास्त्रार्थ झाले, प्रायश्चित्तें घडलीं आणि एका छत्रपतींनीं भर रस्त्यांत आपला खडखडा मुद्दाम थांबविला, तें संशोधकांनीं क्षुल्लक मानूं नये असें आम्हांस वाटतें.

प्रथम पदार्थाचा विचार करूं. 'चहा' हा शब्द मूळचा चिनी. काळा व हिरवा चहा एकाच झाडाचा. भेद केवळ कृतीचा. पानें सुकवून, चुरडून हवेंत ठेविलीं म्हणजे तीं तांबूस होतात. मळेवाले यास आंबविणें म्हणत आले. वस्तुतः तो पानांतील द्रव्यांचा हवेशीं होणारा संयोग होय. खरें आंबवण चीनच्या युन्नान प्रांतांतील पु-अर चहांत घडतें. तेथें पानें ओलसर ढिगांत कित्येक आठवडे ठेवून सूक्ष्म जंतूंकरवीं मुरवितात. ढिगाची ही कृति १९७३ च्या सुमारास कुनमिंग येथें सिद्ध झाली. त्यापूर्वीं दाबलेल्या वड्या वर्षानुवर्षें मुरत ठेवीत. उकळतें पाणी ओतून पहिलें पाणी टाकून द्यावयाचें, मग त्याच पानांवर पुनःपुन्हां थोडथोडा वेळ पाणी ठेवून प्यावयाचें, ही त्याची रीत. स्निग्ध अन्न पचविणारा अशी त्याची चिनी लोकांत ख्याति आहे. चहानें तरतरी येते हें निश्चित. याहून मोठे दावे जपूनच स्वीकारावे.

आमच्या पश्चिम किनाऱ्यावर चहा आला तोही औषधाच्या वेषानें. १६८९ सालीं सुरतेस आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन लिहितो कीं, तेथील वाणी लोक चहांत उष्ण मसाले घालून तो उकळीत, खडीसाखर किंवा मुरवलेलें लिंबू यांसह घेत आणि डोकेदुखी, मूतखडा व पोटांतील मुरडा यांवर तो गुणकारी मानीत. म्हणजे सुरतेच्या त्या घरांत चहा काढ्याच्या पंक्तीस बसला होता. आमच्याकडे काढ्यांत पडणाऱ्या एका सुगंधी गवतास 'गवती चहा' हें नांव मिळालें, तेंही याच नात्याची साक्ष देतें.

काढा एकट्यानें घ्यावयाचा. चहा चारचौघांत बसून प्यावयाचा. तेथें पानाचा गुण मागें पडून पाण्याचा प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें न्या. रानडे, टिळक प्रभृति मंडळींपुढें चहा आला. कोणी घेतला, कोणी पेल्यास केवळ हात लाविला. बोभाटा होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि १८९२ त रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. पाणी उकळलें तरी देणाऱ्याची जात त्यांतून जात नाहीं, अशी ती समजूत होती.

याच समजुतीवर करवीरांत घाव बसला. गंगाराम कांबळे हे अस्पृश्य मानलेल्या समाजांतील गृहस्थ छत्रपति शाहू महाराजांच्या (कारकीर्द १८९४–१९२२) पदरीं चाकरीस होते. वरिष्ठ मानलेल्यांच्या पाण्यास हात लाविल्यावरून सोबतच्या चाकरांनीं त्यांस मारहाण केली. फिर्याद महाराजांपर्यंत गेली. महाराजांनीं मारणारांस शासन केलें, आणि गंगारामांस चाकरींतून मोकळें करून स्वतंत्र धंदा करावयास सांगितलें. त्यांनीं भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हें चहाचें दुकान काढलें. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हां महाराज फेरफटक्यास निघाले असतां दुकानापुढें खडखडा थांबवून स्वतः चहा घेत, आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींसही पाजीत.

हीं दोन प्रकरणें शेजारीं ठेवून पाहावीं. पुण्यास पिणारे प्रतिष्ठित होते व देणारे राज्यकर्त्यांच्या धर्माचे. तरीही पिणारांस प्रायश्चित्त भोगावें लागलें. करवीरांत देणाऱ्याचें पोटच पणास लागलें होतें, आणि पिणारा स्वतः राजा होता. १९१९ सालीं सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा सर्वांस मोकळ्या करणारे हुकूम महाराजांनीं काढले. परंतु हुकुमानें विहीर मोकळी होते, गिऱ्हाईक येत नाहीं. तें येण्यास कोणीतरी आधीं पेला तोंडास लावावा लागतो.

म्हणून दप्तरें चाळणारांस आमची विनंति अशी कीं, सनदा व महजर यांइतकीच खर्चाच्या वह्यांतील चहा-साखरेची नोंदही जपावी. पंक्तिभेद कसा सुटत गेला हें सांगणारा कागद बहुधा असाच साधा असतो.